नाशिकमध्ये घरच्या घरी व्हाइट सपोटे: बी रुजवण्यापासून कलम भरेपर्यंत

ज्यांच्या बंगल्यामागे थोडी मोकळी जागा आहे किंवा मखमलाबाद, आडगाव, दिंडोरीकडे छोटासा मळा आहे, आंबा पेरू सीताफळ सगळं लावून झालंय आणि आता काहीतरी वेगळं लावावंसं वाटतंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. व्हाइट सपोटे हे मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या डोंगराळ भागातलं झाड. समुद्रकाठच्या दमट उकाड्यापेक्षा त्याला उंचावरची, कोरडी, रात्री गार पडणारी हवा मानवते. आता आपलं नाशिक बघा, उंची साधारण ६०० मीटर, थंडी चांगली कडक, पावसाळा सोडला तर हवा कोरडी, त्यामुळे माझं तरी स्पष्ट मत आहे की हे झाड कोकणापेक्षा आपल्याकडे जास्त चांगलं येईल. आणि दुसरं म्हणजे कलम भरणारे हात जेवढे आपल्या जिल्ह्यात आहेत तेवढे फार थोड्या ठिकाणी सापडतील, द्राक्षामुळे. हे झाड लावायचं असेल तर कलमाशिवाय मजा नाही, म्हणून मी सगळ्यात जास्त त्यावरच लिहिणार आहे.

फळ पेरूएवढं किंवा थोडं मोठं असतं, साल एकदम पातळ, हिरवी किंवा पिवळसर, आत पांढरा मऊ गर, कस्टर्डसारखा, चव नासपती आणि केळ्याच्या मधली कुठेतरी, आणि त्यात व्हॅनिलाचा वास. चांगल्या जातीचं फळ नीट पिकलं तर खरंच फार सुंदर लागतं.

नर्सरीत जाताना एक गोष्ट सांभाळा. नुसतं "सपोटा द्या" म्हणालात तर हातात चिकूचं रोप पडेल, कारण नर्सरीवाले चिकूलाच सपोटा म्हणतात. या झाडाचा चिकूशी काही संबंध नाही, हे लिंबू-संत्र्याच्या कुळातलं आहे. कॅसिमिरोआ एड्युलिस हे शास्त्रीय नाव फोनमध्ये लिहून न्या. ओळखायला सोपं आहे, एका देठाच्या टोकाला ३ ते ५ पानं पंजासारखी पसरलेली दिसतात, चिकूचं पान एकेकटं असतं. आणि पान तोडलं की चिकूसारखा पांढरा चीक निघत नाही.

जागा आणि माती

हे आधी ठरवा, रोप नंतर आणा. या झाडाला थंडी चालते, मोठं झाड शून्याच्या २-३ अंश खालीसुद्धा तग धरतं, म्हणजे निफाडला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा घसरला अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात तेवढ्या थंडीनं त्याचं काही बिघडत नाही (लहान रोपाला मात्र जपायचं). थोडाफार पाण्याचा ताणसुद्धा चालतो. पण मुळाशी पाणी साचलेलं अजिबात चालत नाही, आणि आपली काळी माती जुलै-ऑगस्टमध्ये काय करते ते सगळ्यांना माहीत आहे. पाणी धरून ठेवते, मुळांना हवा मिळत नाही, मुळं कुजतात आणि वरून मात्र झाड पाण्यावाचून सुकतंय असं दिसतं म्हणून माणूस अजून पाणी घालतो.

त्यामुळे काळी माती असेल तर खड्डा करून त्यात झाड लावायचंच नाही, जमिनीच्या वर उंचवटा करायचा. १ ते दीड फूट उंच आणि ४-५ फूट रुंद असा गोल बेड, त्यात निम्मी तिथलीच माती, बाकी पोयटा, मुरूम आणि चांगलं कुजलेलं शेणखत, वरून दोन-तीन ओंजळी निंबोळी पेंड. गंगापूर रोड, पाथर्डी फाट्याकडच्या नवीन वसाहतींमध्ये बऱ्याच प्लॉटवर बांधकामाचा भराव असतो, तिथे खाली सिमेंटचे गोळे, विटांचे तुकडे निघतात, ते सगळं काढून टाका, कारण सिमेंट-चुन्यामुळे माती अल्कधर्मी होते आणि मग नवीन पानं पिवळी पडतात, फक्त शिरा हिरव्या राहतात. द्राक्षवाल्यांना हे चित्र लगेच ओळखू येईल, लोहाची कमतरता. असं दिसलं तर चिलेटेड लोह, पाकिटावरच्या प्रमाणात.

झाड घराच्या भिंतीपासून, पाण्याच्या टाकीपासून, ड्रेनेजच्या पाइपपासून कमीत कमी १५ फूट लांब असू द्या. याची मुळं जोरकस असतात, लांब पसरतात, फरशी उचलतात. मोकळं सोडलं तर झाड २५-३० फूट सहज जातं आणि सदाहरित आहे म्हणजे बाराही महिने दाट सावली. पिकलेली फळं खाली पडून चिकचिक होते, माश्या येतात, म्हणून पार्किंगच्या वर नको.

टेरेसवर होईल का? होईल, पण २०० लिटरचा ड्रम अर्धा नाही, पूर्ण हवा, बुडाला मोठी भोकं, आणि कलमाचंच झाड. फळं मोजकीच मिळतील. स्लॅबवर वजन किती पडतंय ते आधी इंजिनिअरला विचारून घ्या.

बी आणि खुंटाचं रोप

बियांपासून झाड येतं, नुसतं येत नाही तर भराभर वाढतं, मग कलम कशाला असं वाटू शकतं. कारण दोन. बियांच्या झाडाला फळ यायला ७-८ वर्षं लागतात, कलमाच्या झाडाला ३-४ वर्षांत येतं. आणि बियांच्या झाडाचं फळ कसं निघेल काही सांगता येत नाही, काहींची फळं कडवट, काही नुसती बियांनी भरलेली. सात वर्षं पाणी घालून कडू फळ हातात येणं कुणालाच नको असतं. म्हणून बियांचं रोप खुंट म्हणून, म्हणजे मुळं पुरवणारा खालचा भाग म्हणून, घ्यायचं आणि त्यावर माहितीतल्या चांगल्या झाडाची काडी भरायची. सूबेल, मॅकडिल, व्हर्नन, पाइक ही बाहेरच्या देशांतली नावाजलेली जुनी नावं आहेत, काडी किंवा रोप घेताना जातीचं नाव विचारा. जात सांगता येत नसेल पण आईझाडाचं फळ तुम्ही स्वतः खाल्लेलं असेल तर तेही तेवढंच चांगलं, माझ्या मते जास्तच चांगलं.

बी ताजं हवं. फळातून काढलं, गर धुऊन टाकला, एक दिवस सावलीत सुकवलं की लगेच पेरायचं. महिनोन् महिने पाकिटात पडून वाळलेल्या बियांवर पैसे घालवू नका. पिशवी उंच घ्या, १० ते १२ इंच, कारण सोटमूळ सरळ खाली जातं आणि उथळ पिशवीत ते तळाशी गोल फिरतं, तसं वळलेलं मूळ पुढे कधी सुधारत नाही. मिश्रण साधं, माती, शेणखत आणि कोकोपीट सारखंच, एक इंच खोल पेरा, ओल ठेवा पण चिखल नको. गरम दिवसांत ३-४ आठवड्यांत कोंब वर येतो. पहिली पानं साधी असतात, पंजासारखी नंतर येतात, घाबरून जाऊ नका.

रोपाचं खोड पेन्सिलीएवढं जाड झालं, म्हणजे ८ ते १० मिलिमीटर, की खुंट तयार. साधारण वर्ष ते दीड वर्ष धरा. तोपर्यंत जमिनीपासून ८-१० इंचापर्यंतचे बारीक फुटवे काढत राहा म्हणजे कलमाच्या जागी खोड गुळगुळीत मिळतं.

बरेच जण विचारतात की लिंबाच्या कुळातलं आहे तर घरच्या लिंबावर किंवा ईडलिंबावर भरता येईल का. तो नाद सोडा, व्हाइट सपोटेच्याच रोपावर भरायचं. चिकूच्या किंवा खिरणीच्या खुंटाचा तर प्रश्नच येत नाही.

कलम कधी

आपल्याकडे दोन वेळा चांगल्या. पहिली फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चचा मध्य, थंडी सरत आलेली असते, झाडाचा रस वर चढायला लागतो, डोळे (काडीवर जिथून कोंब फुटतो ते उंचवटे) फुगतात आणि उन्हाचा तडाखा अजून सुरू झालेला नसतो. दुसरी सप्टेंबर-ऑक्टोबर, मोठा पाऊस ओसरल्यावर, जेव्हा बागांमध्ये डॉगरीज नावाच्या जंगली द्राक्षाच्या खुंटावर द्राक्षाची कलमं भरायची गडबड चालू असते. नवख्या माणसाला मी ही दुसरी वेळ सुचवेन, एक तर हवेत ओलावा असतो म्हणून काडी सुकत नाही, आणि दुसरं म्हणजे पिंपळगाव, ओझर, दिंडोरीकडे कलम भरणाऱ्या टोळ्या तेव्हा कामावर असतात, ओळख काढून त्यांच्यातल्या एखाद्या दादांना अर्धा तास तुमच्या झाडाशी उभं करा आणि हात कसा चालतो ते बघून घ्या. पाचर कलमाची (खुंटाला चीर पाडून त्यात पाचरीसारखी तासलेली काडी बसवायची) रीत तीच आहे.

काडी निवडणं

इथे घाई करू नका, कारण चांगला चाकू आणि वाईट काडी यापेक्षा साधा चाकू आणि चांगली काडी केव्हाही बरी. काडी फळं देणाऱ्या झाडाची, उन्हात वाढलेल्या फांदीच्या शेंड्याकडची, चालू हंगामातली पण पक्व झालेली, हिरवट-करडी, वाकवली तर वाकते पण लुळी पडत नाही अशी. जाडी खुंटाएवढी. लांबी ४ ते ६ इंच, ३-४ चांगले डोळे.

झाड आपलंच किंवा शेजारचं असेल तर दोन तयाऱ्या आधीपासून करता येतात. एक, महिना-दीड महिना आधी त्या फांदीच्या बुडाशी सालीचं अर्धा सेंटिमीटर रुंद वलय काढून टाकायचं, त्यामुळे पानांनी तयार केलेलं अन्न खाली न जाता काडीतच साठतं आणि कलम जास्त घेतं. दुसरी, काडी कापायच्या ८-१० दिवस आधी तिची पानं कात्रीनं कापायची, देठ तेवढे ठेवायचे. पुढच्या आठवड्यात देठ आपोआप पिवळे पडतात, बोट लावलं की गळतात आणि त्यांच्या बगलेतला डोळा टपोरा झालेला दिसतो. देठ असा सहज गळाला की समजा काडी तयार.

काडी सकाळी लवकर कापा, ओल्या फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि शक्यतो त्याच दिवशी भरा. लांबून आणायची असेल तर कापलेलं टोक मेणात बुडवा आणि फडकं ओलसर ठेवा, निथळतं नको, नाहीतर बुरशी येते.

प्रत्यक्ष कलम

सामान: कलमाचा धारदार चाकू, छाटणीची कात्री, स्पिरिट आणि कापूस, २ सेंटिमीटर रुंदीची प्लॅस्टिकची कलमपट्टी, आणि पेप्सीकोल्याच्या असतात तसल्या लांबोडक्या पातळ पिशव्या. चाकूला धार म्हणजे कागद हवेत धरून कापला तर सरळ कापला गेला पाहिजे, एवढी. प्रत्येक रोपानंतर स्पिरिटनं पुसा.

खुंट जमिनीपासून ८-१० इंचावर आडवा कापा. खाली ३-४ पानं असतील तर राहू द्या, ती खुंटाला जगवतात. मग कापलेल्या तोंडावर बरोबर मध्ये चाकू ठेवून हळूहळू दाब देत सव्वा ते दीड इंच खोल चीर पाडा. हिसका दिला तर चीर वाकडी जाते.

आता काडी. खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तिरका काप घेऊन पाचर करायची, तेवढ्याच लांबीची, सव्वा ते दीड इंच. मी ज्यांच्याकडे हे शिकले ते द्राक्षाची कलमं भरणारे काका चाकू पुढे ढकलत नसत, चाकूचा हात अंगाशी स्थिर ठेवून काडीच मागे ओढत, त्यामुळे काप एका दमात आणि सपाट यायचा, पायऱ्या पडायच्या नाहीत. हीच गोष्ट घरी आधी पेरूच्या किंवा जास्वंदाच्या छाटलेल्या काड्यांवर करून बघा, भरपूर करून बघा. पाचर उजेडासमोर सपाट पट्टीला लावायची, मध्ये फट दिसली की काप नीट नाही, पुन्हा घ्या. कापलेल्या भागाला बोट लावू नका.

पाचर खुंटाच्या चिरेत सरकवा आणि इथे थांबून नीट बघा. सालीच्या लगेच आत एक हिरवा, ओलसर, अगदी पातळ थर दिसतो, जुळायचं असतं ते तिथेच, बाकी लाकूड लाकडाला कधी चिकटत नाही. काडी आणि खुंट सारख्या जाडीचे असतील तर दोन्ही बाजूंचे थर जुळतील. काडी बारीक असेल तर मध्यभागी ठेवू नका, एका बाजूला सरकवा, म्हणजे निदान एका बाजूचा थर पक्का जुळेल. बाहेरची साल जुळवत बसू नका, खुंटाची साल जाड असते त्यामुळे बाहेरून सारखं दिसलं तरी आतून चुकलेलं असू शकतं.

मग पट्टी. खालून वर, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत, ताणून, जोडाच्या वरपर्यंत, आणि शेवटी गाठ. पाणी आत जायला जागा राहता कामा नये. वरून काडीवर ती लांबोडकी पिशवी टोपीसारखी चढवा आणि जोडाच्या खाली सैलसर बांधा. पेन्सिलीनं तारीख आणि जात लिहून चिठ्ठी अडकवा, पावसात शाई जाते, पेन्सिल राहते.

कलम भरल्यावर

रोपं ५० टक्के शेडनेटखाली. पाणी बुडाशी, वरून फवारा नको. आणि हात लावू नका! नवीन माणसाला सगळ्यात जड हेच जातं, रोज टोपी काढून बघावंसं वाटतं. काडी हिरवी दिसतेय तोवर सगळं ठीक आहे असं समजा. ३ ते ४ आठवड्यांत डोळे फुटतात, कधी थोडे जास्तही दिवस लागतात. टोपीच्या आत कोंब इंचभर झाला की संध्याकाळी टोपी काढा, दुपारी काढली तर कोवळा कोंब उन्हानं माना टाकतो. काडी काळी पडली, सुरकुतली तर ते कलम गेलं, पण खुंट जिवंत असतो, त्याचा एक चांगला फुटवा वाढवून पुढच्या हंगामात पुन्हा भरता येतं.

जोडाच्या खालून जे जे फुटेल ते आठवड्याला खुडून टाका. खुंटाचे फुटवे दणकट असतात, ठेवले तर सगळं अन्न तेच घेतात आणि वरची काडी उपाशी राहते. पट्टी अडीच-तीन महिन्यांनी मागच्या बाजूनं उभी चीर देऊन सोडवा, विसरलात तर ती खोडात रुतते.

जमिनीत लावणं आणि पहिली तीन वर्षं

कलमाला पानांच्या दोन फुटी येऊन पक्व झाल्या की लावा, वेळ जूनअखेर-जुलै. इगतपुरी-त्र्यंबककडे जिथे धो धो पाऊस असतो तिथे पावसाळा संपल्यावरच लावलेलं बरं. जोड मातीच्या निदान ६ इंच वर राहिला पाहिजे. बांबूचा आधार द्या. दोन झाडांत १५ ते २० फूट.

झाड ३ फुटांचं झालं की शेंडा खुडा. हे बऱ्याच जणांच्या जिवावर येतं पण कराच, नाहीतर ते काठीसारखं उंच वाढत जातं आणि फळं शिडी लावूनही हाताला येत नाहीत. खुडल्यावर ज्या फांद्या येतील त्यातल्या चार बाजूंच्या चार ठेवा. पुढे दरवर्षी फळं उतरल्यावर हलकी छाटणी, झाड १०-१२ फुटांत ठेवायचं.

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पाणी, पुढे आठवड्यातून एकदा पण खोलवर. ठिबक असेल तर ड्रिपर खोडापासून दूर सरकवत न्या. वाळलेल्या पाल्याचं चांगलं जाड आच्छादन, पण खोडाला चिकटवून नको. खोडाला पहिली २-३ वर्षं चुना लावा, एप्रिल-मेच्या उन्हात साल भाजते. खत वर्षातून दोनदा शेणखत किंवा गांडूळ खत आणि निंबोळी पेंड, युरियाचा मारा नको, त्यानं नुसता पाला वाढतो.

पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला बोर्डो पेस्ट, १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, १ लिटर पाणी, प्लॅस्टिकच्या भांड्यात. मावा आणि मिलीबग (पिठ्या ढेकूण) येतात, मिलीबग फळाच्या देठाशी लपून बसतो, सुरुवातीला पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं आणि निंबोळी अर्कानं भागतं. मुंग्या खोडावर चढताना दिसल्या की वर मिलीबग किंवा मावा आहेच असं धरा.

फळ उतरवणं आणि खाणं

फूल अगदी बारीक, हिरवट, लक्षातही येत नाही. फुलापासून फळ तयार व्हायला ६ ते ९ महिने लागतात, धीर धरा. फळमाशी या फळाला लागते, म्हणून फळ वाढत असतानाच कागदी किंवा नेटच्या पिशव्या घाला.

झाडावरच मऊ होऊ दिलं तर पडून फुटतं किंवा पाखरं खातात. रंग हिरव्याचा किंचित पिवळट झाला की उतरवा, काही जाती हिरव्याच राहतात, त्यांचं एखादं फळ आधी घरात ठेवून मऊ पडतंय का बघा. ओढून तोडू नका, कात्रीनं थोडा देठ ठेवून कापा. देठ उपटला गेला तर तिथूनच फळ सडायला लागतं. साल इतकी नाजूक आहे की बोटाचा दाब पडला तरी दुसऱ्या दिवशी तिथे काळा डाग दिसतो, आणि दबलेला गर कडवट लागतो. एका थरात ठेवायचं, टोपलीत रचायचं नाही. काही दिवसांत मऊ पडतं, मग फ्रिजमध्ये. अर्धं कापून चमच्यानं गर खायचा, सालीच्या लगतचा थोडा सोडून द्यायचा, तो कडू असतो. गर जास्त झाला तर बी काढून डब्यात फ्रीझ करा, मिल्कशेक आणि आइस्क्रीमला मस्त होतो.

बी मात्र विषारी आहे, चावायचं नाही, मिक्सरमध्ये जाऊ द्यायचं नाही. घरात लहान मुलं किंवा कुत्रा असेल तर पडलेली फळं रोज उचला. पानांचा किंवा बियांचा काढा झोपेला, बीपीला चांगला असं कुठेतरी वाचाल, मेक्सिकोत तसा वापर होत आलाय हे खरं, पण त्याचा परिणाम जोरदार असतो, घरी प्रयोग नको, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर मुळीच नको.

आधीच बियांचं मोठं झाड असेल तर

ते तोडू नका. फेब्रुवारीत त्याच्या २-३ मुख्य फांद्या कमरेच्या उंचीवर कापा, एक फांदी पानांसकट तशीच सोडा, ती झाडाला खाऊ घालते. कापलेल्या तोंडांना बोर्डो पेस्ट आणि उघड्या पडलेल्या खोडाला चुना. पावसाळ्यापर्यंत भरपूर धुमारे येतात, प्रत्येक फांदीवर २-३ जोमदार ठेवून बाकीचे काढा आणि सप्टेंबरमध्ये त्यांच्यावर वर सांगितलंय तसंच पाचर कलम भरा. जुनं मूळ खाली तयार असल्यामुळे ही कलमं फार जोरात वाढतात. जमलं तर दोन वेगळ्या जाती भरा, कारण काही जातींच्या फुलांत परागकण कमी असतात, शेजारी दुसरी जात असली की फळधारणा सुधारते आणि एका झाडात काम भागतं. वाढ जोरात पण जोड अजून कच्चा, त्यामुळे प्रत्येक फांदीला बांबू बांधा, विशेषतः मार्च-एप्रिलच्या अवकाळी वाऱ्याच्या आधी. सोडलेली जुनी फांदी नवी कलमं वर्षभर वाढल्यावर, त्यांचा पाला नीट भरला की मगच काढा.